बावीस बाय पंधरा, जाडी पाच

एलिसेओ सापोनच्या हातची चेन बावीस वर्षांत एकदाही अडकली नव्हती! हे तो स्वतःच सांगे, आणि कोणी विचारायची वाट न बघता सांगे. सान आन्सेल्मोच्या टेकडीवरच्या चर्चच्या मंडळीत दर रविवारी दोनशे माणसं काखेत बायबल घेऊन येत. त्यातल्या निदान एकशे ऐंशी बायबलांना एलिसेओने शिवलेलं कव्हर असे. तपकिरी रेक्झिन, धरायला बंद, तीन बाजूंनी चेन आणि कोपऱ्यात मालकाच्या नावाची सोनेरी अक्षरं. रस्त्यात कोणी भेटलं तरी हा त्याच्या काखेतलं कव्हर ओढून घ्यायचा, चेन सर्रकन उघडून दाखवायचा आणि म्हणायचा, "बघा! लोण्यात सुरी!"

यंदा तर त्याला देवच पावला. अकरा वर्षांची लेक दामारिस दर दोन-चार दिवसांनी शाळेतून नवी ऑर्डर आणू लागली.

"बाबा, एक कव्हर. बावीस बाय पंधरा, जाडी पाच."

"एवढं जाड?"

"अभ्यासाचं बायबल आहे ना! टिपांसकट."

एलिसेओने कागदाचा फर्मा कापून खिळ्याला टांगला आणि त्या एका फर्म्यावर दीड महिन्यात सतरा कव्हरं शिवली. पोरं टिपांसकट बायबल वाचतायत! त्याचे डोळे भरून यायचे.

त्याच सुमारास गुरुवारच्या बाजारात ड्रॅगन पाळणाऱ्या मुलींच्या गोष्टींच्या जाडजूड पुस्तकांचे ढीग येऊन पडले. स्वस्तातल्या चोरून छापलेल्या प्रती. बटाट्याच्या शेजारीच मांडलेल्या. पास्टर अब्दियास व्यासपीठावरून गरजले, "जादू ती जादूच! हा सैतानाचा गळ आहे. ज्याच्या घरी असेल त्याने आणून द्या. पुढच्या रविवारी राजधानीहून अधीक्षक येणार आहेत, त्यांच्यासमोर अंगणात होळी करू!" पुस्तकं शोधायला समिती नेमली आणि तिचा प्रमुख केलं एलिसेओला.

तेवढ्यावर गप्प बसला असता तर तो एलिसेओ कसला! तो ताडकन उभा राहिला. "बंधूंनो, भगिनींनो, आपल्या पोरांना कसले ड्रॅगन? आपल्या सतरा मुलांनी माझ्याकडे अभ्यासाच्या बायबलची कव्हरं शिवून घेतलीत. हे माझे हात साक्षीला आहेत!"

मंडळीत हालेलुयाचा गजर झाला. पास्टरांनी रुमालाने डोळे पुसले आणि दोन गोष्टी जाहीर केल्या. ती सगळी मुलं रविवारी अधीक्षकांसमोर वचनं शोधायच्या शर्यतीला उभी राहतील. आणि त्याच दिवशी एलिसेओला मंडळीचा 'वडील', म्हणजे कारभारातला मानकरी, म्हणून नेमलं जाईल. त्या मानासाठी एलिसेओ बारा वर्षं झुरत होता. त्या दिवशी त्याला घरापर्यंतचा चढ चढल्याचं कळलंसुद्धा नाही.

शनिवारी दुपारी दामारिस मका दळायला गेली होती. तिचं कव्हर टेबलावर होतं. उद्याच्या शर्यतीआधी चेनीवर जरा मेणबत्ती घासावी म्हणून बापाने ते उघडलं. चेन लोण्यात सुरी गेल्यासारखी उघडली. आत हिरवा ड्रॅगन होता! त्याच्या पाठीवर विस्कटलेल्या वेण्यांची एक मुलगी बसली होती आणि ती थेट एलिसेओकडे बघून हसत होती.

एलिसेओ मटकन खाली बसला. मग उठला, पट्टी घेतली आणि ड्रॅगन मोजला. लांबी बावीस, रुंदी पंधरा, जाडी पाच. एका सुताचाही फरक नाही! त्याने खिळ्यावरच्या फर्म्याकडे पाहिलं. बायबलचं नव्हे, त्याने ड्रॅगनचं माप घेतलं होतं, आणि तेही सतरा वेळा!

दामारिस आली, टेबलावर पाहिलं, आणि पिठाचं पातेलं घट्ट धरून दारातच थांबली.

"बाबा... जाळणार?"

तिच्या आवाजाने बापाचा राग अर्ध्यावरच विझला. भीती मात्र दुप्पट झाली. "आधी हे सांग, कोणाकोणाकडे आहेत?"

"आम्ही सोळा जण."

"मी सतरा शिवली!"

"सतराव्याचं मला नाही ठाऊक. दप्तरात चिठ्ठी आणि पैसे मिळाले. 'नावाची अक्षरं नकोत, कव्हर मंडळीतल्या शेवटच्या बाकावर ठेवणे.' मी ठेवलं."

आतून बायकोचा, ओतिलियाचा आवाज आला. ती घेवड्याच्या शेंगा सोलत होती. "घ्या! समितीचे प्रमुख! अख्खा गाव शोधलात, आपलं टेबल तेवढं राहिलं!"

"ओतिलिया, उद्या अधीक्षक एका पोराची चेन उघडतील आणि माझं तोंड काळं होईल!"

"मग चेन उघडूच नका."

बायको बोलली चेष्टेत. एलिसेओने ते शिरसावंद्य मानलं. पाठीला पोतं बांधून तो गावभर दारोदार फिरू लागला. "चेनींचा हा माल खराब आलाय हो! नव्या बसवतो, फुकट! सकाळी परत देतो!" बावीस वर्षं ज्या तोंडाने चेनीचे गोडवे गायले, त्याच तोंडाने हे सांगताना प्रत्येक दारात त्याच्या काळजाला चरा पडत होता.

गाव जिला मानाने दोन्या म्हणे, त्या म्हाताऱ्या हासिंताने तर त्याला चांगलाच घाम फोडला. तिला अक्षर ओळखता येत नव्हतं. नातवाचं कव्हर छातीशी धरून ती म्हणाली, "चेन राहू दे बाबा, पण हे नको नेऊस. हे घरात आल्यापासून पोरगं सुधारलं! जेवण विसरतं, खेळ विसरतं, नुसतं वाचतं. मीसुद्धा रोज यावर हात ठेवून प्रार्थना करते. माझा गुडघा बरा झालाय!"

"दोन्या, गुडघ्याला काही होणार नाही. द्या इकडे!"

"देवाच्या वचनाला पोत्यात घालतोस?"

एलिसेओने मान खाली घातली आणि पोत्यात घातलं. मागे उभा असलेला नातू पांढराफटक पडला होता.

संध्याकाळी पाचला सोळा कव्हरं एलिसेओच्या टेबलावर होती. पोटातल्या सोळा ड्रॅगनांसकट! समिती आठवडाभर गावात जे शोधत होती, ते सगळं प्रमुखाच्याच घरी जमलं होतं. आणि नेमके त्याच क्षणी दारात पास्टर अब्दियास!

"बंधू एलिसेओ, उद्याची तयारी झाली ना? अरे वा! हीच का मुलांची बायबलं?" पास्टरांनी एक कव्हर उचललं. "केवढं हे वजन देवाच्या वचनाला!"

"फार वजन..." एलिसेओ पुटपुटला.

"चला, यांच्यासाठी प्रार्थना करू." पास्टरांनी दोन्ही हात ढिगावर ठेवले. "प्रभो! यांतला शब्द अन् शब्द लेकरांच्या हृदयावर कोर!"

दामारिस मोठ्याने म्हणाली, "आमेन!"

बापाने तिच्याकडे डोळे वटारले. तेवढ्यात पास्टरांची बोटं चेनीकडे वळली.

"नको!" एलिसेओ ओरडला. "म्हणजे... माल खराब आहे. या चेनी अडकतात. अजिबात उघडत नाहीत."

पास्टर थबकले. "तुमची चेन? अडकते?"

"जाड कव्हरांची. सगळ्यांचीच."

"अस्सं!" पास्टर म्हणाले. जरा विचारात पडले आणि दिलासा मिळालेल्या माणसासारखे निघून गेले. एलिसेओला ते चमत्कारिक वाटलं. पण विचार करायला वेळ कुठे होता? सोळा ड्रॅगन चिंध्यांच्या पोत्यात गेले, पोत्यावर ओतिलिया शेंगांची टोपली घेऊन बसली, आणि एलिसेओ स्पंजचे तुकडे कापत सुटला. पोरांची खरी बायबलं बोटभर जाडीची. त्या ऐसपैस कव्हरांत ती खुळखुळली असती.

रविवारी मंडळीत पाय ठेवायला जागा नव्हती. सोळा मुलांनी बायबलं डोक्यावर धरली. अधीक्षक वचनाचा क्रमांक पुकारत आणि मुलं भराभर पानं उलटत. दामारिसने सातपैकी पाच वचनं सगळ्यांच्या आधी शोधली! एलिसेओचा श्वास नुकता कुठे जागेवर येत होता, तोच अधीक्षक म्हणाले, "शाब्बास! पण पास्टर, तुमच्या पत्रात तर सतरा लिहिलं होतं. सतरावं कुठाय?"

एलिसेओ घामाने निथळत बाकांवरून नजर फिरवू लागला. कोणाच्या काखेत आहे बिनअक्षरांचं कव्हर?

"असो," अधीक्षक म्हणाले. "पास्टर, एकशे एकोणिसावं स्तोत्र वाचा. मग वडिलांची नेमणूक करू."

पास्टरांनी समोरचं कव्हर उचललं. तपकिरी रेक्झिन, एलिसेओची शिवण. सगळी कव्हरं दिसायला सारखीच. घाईत घरून कोणतं उचललं ते कोणाला कळणार? पण पास्टरांच्या बोटांना जाडी कळली. त्यांचा हात चेनीवर थांबला आणि चेहऱ्यावरचं रक्त उतरलं. एलिसेओने कोपऱ्याकडे पाहिलं. तिथे अक्षरं नव्हती.

"चेन... अडकली आहे," पास्टर क्षीण आवाजात म्हणाले.

"एवढंच ना?" अधीक्षक हसले. "शिवणारा इथंच आहे की! या बंधू एलिसेओ, उघडून द्या."

एलिसेओ व्यासपीठावर गेला. दोनशे माणसं बघत होती. त्याने चेन धरली, जरासा हात लावला, आणि ती हरामखोर चेन लोण्यात सुरी गेल्यासारखी दोन बोटं उघडली! फटीतून ड्रॅगनची हिरवी शेपटी दिसली, आणि त्याने स्वतः शिवलेली खुणेची रिबनही. पास्टर त्याच्याकडे बघत होते. शनिवारी दारात पातेलं घेऊन दामारिस उभी होती ना, अगदी तसे.

बावीस वर्षांची अब्रू एका बाजूला होती, दुसऱ्या बाजूला ती नजर. एलिसेओने चेन हळूच बंद केली, मग खसाखसा ओढल्याचं सोंग केलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "नाही उघडत. काम माझंच खराब आहे."

"अरेरे!" पहिल्या बाकावरून दोन्या हासिंता म्हणाली. तो अरेरे एलिसेओच्या थेट जिव्हारी लागला.

पास्टरांनी स्तोत्र तोंडपाठ म्हटलं, रडत रडत. एवढ्या कळकळीने त्यांनी ते आधी कधीच म्हटलं नव्हतं. होळी त्यांनी पुढे ढकलली; म्हणाले, वारा फार आहे. बाहेर पानसुद्धा हलत नव्हतं. अधीक्षकांनी एलिसेओला वडील नेमलं, आणि खांद्यावर हात ठेवून उपदेश केला, "बंधू, चेनी मात्र जरा बऱ्या वापरा."

सोमवारी पोरं दुरुस्तीच्या नावाखाली एकेक करून आली आणि जड कव्हरं घेऊन गेली. मागोमाग चांगल्या चेनींची नव्वद कव्हरंही आली, कारण वडिलांच्या चेनी अडकतात हे आता गावभर झालं होतं. एलिसेओ तोंड पाडून मेणबत्ती घासत बसला.

"बाबा, पास्टर कुठवर आलेत?" दामारिसने कुजबुजत विचारलं.

"रिबन शेवटच्या बोटभर पानांवर होती. तू गप्प बस!"

गुरुवारी ती शाळेतून आली आणि तिने दप्तरातून एक चिठ्ठी काढून बापापुढे धरली. बाजारात दुसरा भाग आला होता.

चिठ्ठीत लिहिलं होतं: 'बावीस बाय पंधरा, जाडी सहा. अक्षरं नकोत. चेन मागच्यासारखीच बसवावी, न उघडणारी.'