मिठाचा डबा

थोरल्याचा कचेरीत एकच मंत्र होता: "आधी वापरणाऱ्याला विचारा, मग हात घाला." चिकटणाऱ्या पिवळ्या चिठ्ठ्या घेऊन तो हे चार-चार तास शिकवायचा आणि लोक माना डोलवायचे. त्यामुळे आई गेल्यावर एकट्या बाबांचं काय करायचं, हा प्रश्न आपण चुटकीसरशी सोडवू, याबद्दल त्याला तिळमात्र शंका नव्हती.

बायको आणि धाकटी बहीण मिळून टीम जमली. आठवडाभर बाबांकडे राहायचं, लांबून बघायचं, मध्ये बोलायचं नाही. तिसऱ्याच दिवशी बहीण पांढरीफटक होऊन आली.

"दादा, बाबांनी मिठाचा डबा उघडून चमचाभर तोंडात टाकलं."

"चुकून झालं असेल."

"डोळे मिटून चघळत होते रे."

चौथ्या दिवशीही तेच. फ्रिजवर चिठ्ठ्या वाढल्या: रक्तदाब, विसरभोळेपणा, एकटे ठेवू नये. बायको म्हणाली, "घर बंद करून त्यांना आपल्याकडेच नेऊ." थोरला म्हणाला, आधी उपाय तर करून बघू.

रविवारी बाबा फिरायला गेले आणि टीमनं स्वयंपाकघर उलथंपालथं केलं. आईच्या अक्षरातल्या चिठ्ठ्यांचे जुने डबे भंगारात गेले. त्यांच्या जागी काचेच्या बरण्या आल्या, त्यांवर ठसठशीत छापील नावं. मिठाचा डबा तर बहिणीनं न उघडताच देऊन टाकला.

बाबा आले. "छान केलंत," म्हणाले आणि स्टुलावर बसून राहिले. दुपारी जेवले नाहीत, संध्याकाळीही नाहीत.

तेव्हा कुठे थोरल्यानं विचारलं, "बाबा, तुम्ही मीठ का खाता?"

"साखर होती रे त्यात. मला मधुमेह निघाला तेव्हापासून तुझी आई तिथं लपवायची. मी रोज एक चमचा चोरायचो."

"आणि आईला कळलं नाही?"

"न कळायला काय झालं? डबा कधी रिकामा होऊ दिला नाही तिनं. ती गेल्यावर मीच भरायचो आणि मीच चोरायचो."

थोरला चपला न घालताच भंगारवाल्याकडे धावला. डबे केव्हाच चेपून पुढे गेले होते. परत येऊन त्यानं एका पिवळ्या चिठ्ठीवर 'मीठ' लिहिलं आणि ती साखरेच्या बरणीवर चिकटवली. लिहिताना त्याला रडू आवरत नव्हतं.

बाबांनी चिठ्ठी न्याहाळली. "अक्षर तुझं आहे," ते म्हणाले. "असू दे. आता जरा बाहेर जा. कुणी बघत असलं की चोरता येत नाही."

तो दाराआड बराच वेळ उभा राहिला. झाकण उघडल्याचा आवाज काही आला नाही.