दोघी कन्यांच्या बारशाची आणि बेबीआत्यांनी दोन साड्या घेऊन मोडिलेल्या वचनांची हकीकत

श्रीगणेशास दंडवत, मग कुलस्वामिनीस, मग त्या भाड्याने आणिलेल्या पाळण्यास, ज्याच्या चारही दोऱ्या अखेरपर्यंत शाबूत राहिल्या. आपण पुसिले की दोघी कन्यांची नावे ऐसी कां पडली आणि दोघी आज्या भरसभेत एकमेकींच्या गळ्यात कां पडल्या, त्यावरून जैसे ऐकिले तैसे लिहिले आहे, पदरचे मीठ चिमूटभरच. शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सर, कार्तिक शुद्ध षष्ठी, गुरुवार, पहाटेचे समयी राज्यात दोन कन्यारत्ने अवतरली, एकीमागे एक, अकरा मिनिटांचे अंतराने. राज्य म्हणाल तर तिसरे मजल्यावरी, दोन खोल्या, एक मुदपाकखाना आणि एक सज्जा, आणि सज्ज्यात वॉशिंग मशीन. गडास लिफ्ट होती, परंतु ती दर मंगळवारी रुसून बसे. राज्याचे धनी शशांकराव, बँकेत हुद्देदार, स्वभावे गरीब. राणीसाहेब ऋतुजाबाई, शाळेत गणित शिकवीत. शशांकरावांच्या मातोश्री थोरल्या आऊसाहेब, ज्यांचा शब्द गडावर कोणी खाली पडू देत नसे. आणि ऋतुजाबाईंच्या मातोश्री विहीणबाई, ज्या लेकीचे बाळंतपणास दोन बॅगा आणि डिंकाच्या लाडवांचे तीन डबे घेऊन चालून आल्या आणि येताच मुदपाकखाना काबीज केला. तेणेकरून दोघींत धुसफूस पहिले दिवसापासोनच होती, नावाचे निमित्त मागाहून मिळाले.

आता नाव ठेवण्याचा हक्क त्या राज्यात ना धन्याचा, ना राणीचा, ना आज्यांचा. तो हक्क आत्याचा. बारावे दिवशी मूल पाळण्यात घालावे, आत्याने वाकून कानात नाव सांगावे, आणि ते सांगत असता बाकी बायांनी 'कुर्रर्र' करून तिचे पाठीवर धपाटे घालावे, हा रिवाज. एकदा कानात गेले ते नाव गेले, मग ते आऊसाहेबांचेही बापास बाहेर काढवत नसे. आत्या म्हणजे शशांकरावांच्या थोरल्या भगिनी, वय वर्षे एक्कावन्न, शेजारचे गावी पोस्टात नोकरीस. पाळण्यात त्यांचे नाव कुंदा ठेविले होते. मग लग्नात नवरदेवांनी ताटातील तांदळांत अंगठीने अनुराधा ऐसे नवे नाव लिहिले, म्हणोन सासरी त्या अनुराधा जाहल्या, आणि माहेरी त्यांस जो तो बेबी म्हणे, लहान मुले बेबीआत्या म्हणत, आणि कुंदा ती शाळेचे दाखल्यात राहिली. आठ वर्षांमागे चुलतभावाचे पुत्राचे बारशास आऊसाहेबांनी त्यांचे मुठीत चिठ्ठी दिली, आणि त्यांनी मुकाट ती वाचून नाव सांगितले, आणि ते नाव त्यांस आजतागायत आवडले नाही. यंदा मनाशी बोलिल्या की घराण्यातील हा शेवटचा पाळणा, आपले बुद्धीने नाव ठेवीन. परंतु मनाशी बोलणे निराळे आणि आऊसाहेबांसमोर बोलणे निराळे.

मग नावांचा संग्राम पेटला. प्रथम गुरुजींस पाचारण जाहले. त्यांनी पंचांग उघडिले, तो नक्षत्राचा चरण नेमका त्याच अकरा मिनिटांत पालटलेला, सबब थोरलीचे अक्षर 'फा' निघाले आणि धाकटीचे 'ढा'. 'फा'वरून फाल्गुनी सुचली, तो कार्तिकात फाल्गुनी कैसी म्हणोन ती बाद. 'ढा'वरून काहीच निघेना. शशांकराव हळूच "ढाल" ऐसे बोलिले आणि त्यांस चहा टाकावयास आत पाठविले. आत गेल्यावर त्यांनी मुत्सद्दीपणा करून घराण्याचे व्हॉट्सॲप ग्रुपवर मते मागविली. त्रेसष्ट असाम्या, नावे आली एकशे चार. एका मामांनी नावाऐवजी सुप्रभातीचे जास्वंद धाडिले, आणि सर्वांत अधिक अंगठे त्या जास्वंदास पडले. मग आऊसाहेब गरजल्या, "रेणुका आणि भवानी. कुलस्वामिनीचं नाव घरात नको? बास झाली चर्चा." आणि मुदपाकखान्यातून विहीणबाई झारा घेऊनच बाहेर आल्या आणि बोलिल्या, "कायरा आणि मायरा. पोरी उद्या परदेशी जातील, तिथल्या लोकांना नाव घेता यायला हवं की नको?" आऊसाहेब म्हणाल्या, "परदेशी जायच्या आधी मान धरू दे त्यांना." आणि त्या दिवशी शिरा करपला.

मग कपटविद्या सुरू जाहली. बेबीआत्या गडावर दाखल होताच आऊसाहेबांनी त्यांस देवघरात ओढून मोरपंखी पैठणी हाती ठेविली आणि बजाविले, "रेणुका, भवानी. विसरू नकोस." आत्या पैठणीचा काठ पाहून "हो आई" म्हणाल्या. त्याच दुपारी विहीणबाईंनी त्यांस सज्ज्यात, वॉशिंग मशीनचे आडोशास गाठून जांभळी इरकल दिली आणि बोलिल्या, "ताई, हा रंग तुम्हाला काय खुलेल! कायरा, मायरा बरं का." आणि आत्या इरकलीवरून हात फिरवीत "हो हो" म्हणाल्या. साडी हाती आली की त्यांचे मुखातून नकार निघत नसे, हा त्यांचा जुना दोष. संध्याकाळी भानावर आल्या तो पदरी दोन साड्या आणि चार नावे, आणि मुली दोनच. आणि भय हे की जी दुखावेल ती बोलणे टाकील. आऊसाहेबांनी मागे एकदा रुसून त्यांच्याशी अख्खी दिवाळी अबोला धरिला होता, आणि त्या दिवाळीचा फराळ बेबीआत्यांस गोड लागला नव्हता.

अकरावे दिवशी त्या बाळंतिणीचे खोलीत जाऊन बसल्या. ऋतुजाबाई कानास रुमाल बांधून, दोन्ही मांड्यांवर दोन कन्या घेऊन बसल्या होत्या. आत्यांनी सगळा अपराध कबूल केला, साड्यांचे रंगासुद्धा. मग सहज पुसिले, "तुला काय वाटतं गं, ऋतुजा?" ऋतुजाबाईंनी धाकटीचे टोपडे सारखे केले. मग म्हणाल्या, "ताई, अकरा दिवसांत हे मला पहिल्यांदा कोणी विचारलं." हे ऐकोन बेबीआत्यांस मेल्याहून मेल्यासारखे जाहले. मग ऋतुजाबाईंनी सांगितले ते ऐसे. "त्या पहाटे मला आत न्यायच्या आधी बाहेर स्ट्रेचरवर ठेवलं होतं. धाकटीचे ठोके नीट लागत नव्हते, डॉक्टर धावपळ करत होते. मी डोळे मिटून होते, तर आपल्या दोघींच्या आयांना वाटलं झोप लागली. दोघी माझ्या उशाशी बाकावर. तुमच्या आई थरथरत होत्या. माझ्या आईनं त्यांचा हात धरला आणि काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, तुमचं माहेरचं नाव काय हो? त्या म्हणाल्या, बकुळा. तांदळात दुसरं लिहिलं त्याला त्रेपन्न वर्षं झाली. आई म्हणाली, मी मैना. मग त्याच नावांनी दोघी एकमेकींना धीर देत बसल्या. बकुळा, रडू नका. मैना, देव आहे ना. ते ऐकत ऐकत मी आत गेले, ताई. मला तीच नावं हवीत. पण मी तोंड उघडलं तर दोघी एक होऊन मलाच ओरडतील, जित्या माणसाचं नाव ठेवत नाहीत म्हणून. तुम्ही कानात सांगितलंत तर कोणाचं काही चालणार नाही."

एक्कावन्न वर्षे आईस आई म्हणत आलो आणि आईस बकुळा म्हणत हे आपणास ठाऊक नाही, याची बेबीआत्यांस मोठी लाज वाटली. आणि आपली कुंदा आठवली. मग उठोन धाकटीचे पाय चिमटीत धरून पाहिले, ते पाय फारच लहान होते.

मग बारावा दिवस उगवला. वार सोमवार, सबब सोसायटीचा हॉल रिकामा मिळाला. पाळण्यास झेंडूच्या माळा, घुगऱ्यांचे पातेले, सुंठवडा, आणि शशांकराव खुर्च्या मांडून पुन्हा मोजीत होते. दोन्ही फौजा पाळण्याचे दोहों बाजूंस उभ्या राहिल्या, आणि दोन्ही सेनापतींची नजर दरवाजाकडे, की बेबी कोणती साडी नेसून येते, त्यावरून निकाल कळेल. तो बेबीआत्या आल्या पिवळा पंजाबी ड्रेस घालून. हॉलात एकच हाहाकार जाहला. आऊसाहेब दातओठ खाऊन म्हणाल्या, "पैठणी कुठाय?" आत्या म्हणाल्या, "फॉलला टाकलीय, आई." विहीणबाई पलीकडून म्हणाल्या, "आणि इरकल?" आऊसाहेब वळल्या. "कुठली इरकल?" विहीणबाई म्हणाल्या, "कुठली पैठणी?" मग दोघींनी एकमेकींकडे पाहिले आणि मग दोघींनी मिळोन बेबीआत्यांकडे पाहिले. बारा दिवसांत दोघींचे एकमत जाहले ते या घडीसच. पदर खोचून, बाह्या सावरून दोघी आत्यांचे पाठीमागे जाऊन उभ्या राहिल्या, कारण धपाटे घालण्याचा हक्क शास्त्राने दिलेला होता.

मग रिवाजाप्रमाणे आधी वरवंट्यास टोपडे घालून पाळण्यात निजविले, मग वरवंटा काढून दोघी कन्यांस निजविले, आणि आत्या वाकल्या. कुर्रर्र जाहले. आणि पाठीवर जे धपाटे बसले त्यांत रिवाज पाव हिस्सा आणि राग पाऊण हिस्सा होता. बेबीआत्यांचा चष्मा पाळण्यात पडला, वेणी सुटली, एक कानातले घुगऱ्यांत गेले, ते पुढे शेजारच्या साठ्यांचे वहिनींस दाताखाली सापडले. तरी त्या हलल्या नाहीत. थोरलीचे कानास ओठ लावून बोलिल्या, मग धाकटीचे कानास बोलिल्या, आणि धाकटीने ते ऐकोन जांभई दिली. मग सरळ उभ्या राहून, केस मोकळे, पाठ लाल, त्यांनी पुकारिले, "थोरली मैना! धाकटी बकुळा!"

बाया एकमेकींस पुसू लागल्या की ही कोणाची नावे, कोणत्या देवीची, कोणत्या अक्षराची. गुरुजींनी पंचांग मिटून घुगऱ्यांची दुसरी वाटी मागितली. पाठीमागील धपाटे मात्र थांबले होते. आऊसाहेबांचा हात उगारलेला तैसाच वर राहिला. मग फार हळू आवाजात बोलिल्या, "बेबी, जित्या माणसाचं नाव ठेवतात का कुठं?" बेबीआत्या पाळण्याची दोरी धरून बोलिल्या, "बकुळा जिती कुठं होती, आई? त्रेपन्न वर्षांत तिला कोणी हाक मारली?" आऊसाहेबांनी ऋतुजाबाईंकडे पाहिले आणि त्या मान खाली घालून हसत होत्या आणि रडतही होत्या, त्यावरून खबर कोठून फुटली हे उमगले. मग विहीणबाईंनी नाक पुसले आणि पुसिले, "बकुळा, आता काय करायचं हो?" आणि आऊसाहेबांनी तो वर राहिलेला हात खाली आणून विहीणबाईंचे खांद्यावर ठेविला आणि म्हणाल्या, "काय करायचं, मैना! आत्यानं ठेवलं, झालं." आणि दोघी एकमेकींचे गळ्यात पडल्या, आणि बाकी बायांस कारण कळले नव्हते तरी त्याही रडल्या, आणि शशांकरावांनी आनंदाचे भरात वरवंट्यासच पुन्हा पाळण्यात ठेविले. मग आऊसाहेब डोळे टिपून बोलिल्या, "आणि साड्या परत कर गं." विहीणबाई म्हणाल्या, "असू द्या. आधी नेसून तर दाखवू दे."

दुसरे दिवशी मंगळवार. लिफ्ट रुसलेली, सबब बेबीआत्या दोन साड्यांची पिशवी घेऊन जिन्याने निघाल्या. पहिले मजल्यापर्यंत उतरल्या तो वरून, तिसरे मजल्याचे कठड्यावरून आऊसाहेबांची हाक आली, "कुंदा! अगं कुंदा, लाडवांचा डबा राहिला!" बेबीआत्या तेथेच पायरीवर बसल्या. मग उठोन दोन मजले पुन्हा चढल्या, आणि वर पोचल्यावर डबा न घेता आईस पुसिले, "काय म्हणालीस, परत म्हण."

पुढे दोघी कन्या रांगू लागल्या. आता ऋतुजाबाई "मैना" म्हणोन हाक देतात तो मुलगी ढुंकून पाहत नाही आणि विहीणबाई मुदपाकखान्यातून "आले" म्हणतात. "बकुळा" म्हणतात तो आऊसाहेब जप सोडून उठतात. येणेप्रमाणे बारसे दोघींचे जाहले, नाव लागले पाचजणींस, आणि नवे नाव त्यांत एकही नव्हते. ही हकीकत येथे पुरी जाहली. वाचणाराने घरी जाऊन आईस तिचे नाव पुसावे.