कुठली गादी पातळ झाली?

हुसेनभाई पिंजारी कुणाच्याही घरात शिरले की आधी गादी दाबून बघायचे. रामराम, सलाम, पाणी हे सगळं नंतर. उजवा पंजा गादीच्या मधोमध ठेवायचा, अंगाचा भार द्यायचा, डोळे मिटायचे आणि मग त्या घरची हकिकत सांगायची.

मी वाईहून उंब्रजच्या शाळेत मास्तर म्हणून आलो तेव्हा लढाई चालू होती. भाड्याच्या खोलीत सामान लावत होतो तोवर हे दारात हजर. साठीचे, काटकुळे, भुवयांत आणि दाढीत कापसाचे तंतू अडकलेले, खांद्यावर पिंजण. ती धनुष्याएवढी कमान सांभाळत आडवे होऊन आत आले, माझी वळकटी न विचारता सोडली आणि पंजा दाबून म्हणाले, "मास्तर, लगीन व्हायचंय तुमचं."

कसं कळलं म्हणून मी विचारलं.

"खळगा एकच हाय. अन् त्यो बी मधी."

दाबून बघण्याचा हा नाद गादीपुरता उरला नव्हता. गावात नवा डॉक्टर आला, कसा आहे म्हणून विचारलं, तर म्हणाले, "अजून दाबून बघितला न्हाई." स्वातंत्र्य आलं, शाळेवर झेंडा लागला, मी त्यांच्या हातावर पेढा ठेवला. पेढा सावकाश खाल्ला, बोटं पुसली आणि म्हणाले, "लय ग्वाड. पर दाबून बघू."

कापसाच्या बाबतीत खोटं त्यांना खपत नसे. एका लग्नात मुलीकडच्यांनी नव्या खोळीत जुना कापूस भरून गादी दिली होती. हुसेनभाईंनी भर मांडवात ती दाबली आणि हा कापूस नवऱ्या मुलाच्या वयाचा आहे, असं वरबापाला सांगितलं. वऱ्हाड उठायची वेळ आली. त्यानंतर कार्य असलं की लोक त्यांना आग्रहानं जेवायला बोलवत, पण गाद्या आतल्या खोलीत ठेवून दाराला कडी लावत.

त्यांना वाचता येत नव्हतं. शाळेत एका दिवसाचं शिळं वर्तमानपत्र येई. शाळा सुटली की ते पायरीवर बसत आणि म्हणत, "मुंबईचं वाचा." मुंबईचं म्हणजे कौन्सिलातलं, कायदेमंडळातलं. कोण मेंबर काय बोलला, कुणी काय मागितलं, हे ऐकताना ते अंगावरचे तंतू वेचत बसत. लोकांना रेशनची ज्वारी पुरी मिळते की नाही यावर बातमी दोन ओळींची असे आणि मेंबरांच्या पगाराच्या चर्चेला अर्धा रकाना. तो अर्धा रकाना ते दोनदा वाचायला लावत.

आमच्या भागातून निवडून गेलेले मेंबर म्हणजे आप्पासाहेब. कृष्णाकाठी उसाची जमीन, दोन गुऱ्हाळं, दारात मोटार. माणूस वाईट नव्हता, पण चांगलं खाऊन पिऊन दुखणं सांगणाऱ्यांपैकी होता. त्यांच्या घरी अकरा गाद्या होत्या. दर दिवाळीनंतर हुसेनभाई आठ दिवस त्यांच्या परसात बसून त्या पिंजून भरून द्यायचे. वर्षातली त्यांची मोठी कमाई तीच.

निवडून आल्यावर वर्षभरानं आप्पासाहेबांचा बाजाराच्या दिवशी सत्कार झाला. हार झाले, आणि भाषणात त्यांनी पगाराचा विषय काढला. मुंबई किती महाग आहे, सरकार जे देतं त्यात आपल्या ड्रायव्हरचंसुद्धा कसं भागत नाही, घरचं घालून आपण लोकांची सेवा कशी करतोय, हे त्यांनी बराच वेळ सांगितलं. पुढं बसलेल्या बायका सकाळपासून रॉकेलच्या रांगेत उभ्या राहून, डबे रिकामेच घेऊन आल्या होत्या. आम्हा मास्तरांचा मागच्या महिन्याचा पगार व्हायचा होता. माझ्या शेजारी पलटणीतून सुटून आलेला एक गडी होता. "मग जातोय कशाला तितं?" असं तो पुटपुटला, पण खाली मान घालून. सगळेच पुटपुटत होते. उठून कुणी बोलत नव्हतं.

हुसेनभाई उठले. त्यांनी हात जोडले.

"आप्पासाब, तुमच्या घरच्या अकरा गाद्या मी दरसाल दाबून बघतोय. पगार पुरंना म्हंतासा, तर त्यातली कुठली गादी पातळ झाली तेवढं सांगा. मी भरून देतो."

आधी रॉकेलच्या रांगेतून आलेली एक बाई हसली. मग सगळा बाजार हसला. आप्पासाहेबांनी पाण्याचा पेला उचलला, सगळा संपवला आणि विहिरींच्या योजनेवर बोलायला लागले.

पुढचे आठ दिवस हुसेनभाईंना गावात चहाचे पैसे द्यावे लागले नाहीत. दिवाळी झाली, पण आप्पासाहेबांच्या घरचं बोलावणं आलं नाही. त्यांच्या कारभाऱ्यानं कऱ्हाडचा दुसरा पिंजारी आणला. ते बघून बाकीच्या मोठ्या घरांनीही हात आखडला. त्या दिवशी बाजारात हसलेल्यांपैकी कुणाच्या घरी गादी नव्हती. ते वाकळ अंथरायचे. हुसेनभाईंनी बैलांच्या झुली शिवायला घेतल्या, उशा भरल्या, एकदा देवळातल्या पुजाऱ्याचा लोड भरून दिला. तक्रार केली नाही. बोललात ते बरं केलंत का, असं मी एकदा विचारलं. ते म्हणाले, "इचारलं त्यात वंगाळ काय? त्यांनी सांगितलं न्हाई, एवढंच."

उन्हाळ्यात आप्पासाहेबांची आई पडली. सत्तरी ओलांडलेली बाई, कंबरेचं हाड मोडलं, अंथरुणाला खिळली. आप्पासाहेब मुंबईला. डॉक्टरांकडून मला कळलं की पाठीला जखमा झाल्यात आणि कुठलंच अंथरूण तिला सोसत नाही. मी ते सहज हुसेनभाईंना सांगितलं. चार दिवसांनी दुपारी सावरीच्या मऊ कापसाचं गाठोडं पाठीवर घेऊन ते शाळेत आले. त्यासाठी पार डोंगराकडच्या गावांना जाऊन आले होते.

"मास्तर, माझ्यासंगं चला. मला एकट्याला आत घ्यायचे न्हाईत."

आम्ही गेलो. कारभाऱ्यानं दारातच अडवलं. कुणी बोलावलं म्हणून त्यानं विचारलं, तेव्हा मीच यांना आणलंय, असं मी काहीतरी सांगायला लागलो. तेवढ्यात सोप्यालगतच्या खोलीतून बारीक आवाज आला.

"कोन, हुशा हाय का? का आला न्हाईस रं इतकं दिस?"

भर बाजारात उभा राहिलेला हा माणूस खाली बघायला लागला.

"कामात हुतो, आईसाब," ते म्हणाले.

मी त्यांच्या तोंडून ऐकलेलं एवढंच एक खोटं. कारभाऱ्यालाही ते कळलं. तो बाजूला झाला.

तीन दिवस हुसेनभाईंनी परसात सावरी पिंजली. जाड गादी केली नाही. चार पातळ केल्या, एकीवर एक घालायच्या, म्हणजे दुखेल तिथली काढता यावी. टाचांखाली, बगलेत, गुडघ्यांमध्ये ठेवायला हाताएवढ्या उशा केल्या. मोलकरणीनं म्हातारीला कुशीवर वळवलं की हे दाराबाहेर तोंड फिरवून उभे राहत आणि कुठं टोचतंय ते विचारत. ती कण्हत कण्हत त्यांना शिव्या देई. "आंधळ्या हुशा, हितं न्हाई रं, खाली." ते "जी, जी" म्हणत. इतके खूश मी त्यांना कधी बघितले नव्हते.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मोटार आली. आप्पासाहेब आत जाऊन आईला बघून आले आणि परसात येऊन उभे राहिले. हुसेनभाई सुईत दोरा ओवत होते. आप्पासाहेबांनी कारभाऱ्याला याची मजुरी देऊन टाक म्हणून सांगितलं.

"आईसाबांकडनं मिळाली," हुसेनभाई म्हणाले.

 आप्पासाहेब तिथल्याच दगडावर बसले, पांढऱ्या धोतराला कापूस लागत होता तरी.

"आज झोपलीय," ते म्हणाले.

"व्हय. दुपारधरनं."

बाजारातल्या त्या दिवसाचा विषय दोघांपैकी कुणी काढला नाही.

महिन्याभरानं म्हातारी गेली. पुढं मेंबरांचे पगार वाढले. आप्पासाहेबांनी वाढीव पगार घेतला, आणि गाव पूर्वीसारखंच पुटपुटलं. मीही पुटपुटलो. दिवाळीनंतर अकरा गाद्यांचं बोलावणं आलं, तेव्हा हुसेनभाई जुन्याच दरानं भरून देऊन आले.

पण मला आठवते ती म्हातारीच्या दहाव्यानंतरची दुपार. ते शाळेच्या पायरीवर येऊन बसले. बायको जाऊन त्यांना पुष्कळ वर्षं झाली होती, लेक म्हसवडला दिलेली.

"माझा बा त्या घरी गाद्या भरायचा," ते म्हणाले. "मी संगं जायाचो. आईसाब नवीन लगीन होऊन आलेल्या. माझ्या डोक्यातला कापूस वेचायच्या अन् हुशा म्हनायच्या. आता सारं गाव मला हुसेनभाई म्हंतंय, लय मान देतंय. पर हुशा म्हननारं कोन ऱ्हायलं न्हाई."

त्यांनी दाढीतला एक तंतू वेचून काढला आणि माझ्याकडं बघितलं.

"तुमची आई हाय न्हवं, मास्तर? काय म्हंती तुमास्नी?"

मी सांगितलं. वाईला असते, बाळ्या म्हणते.

त्यांनी ते नाव एकदा मनाशी म्हटल्यासारखं केलं. मग उठले, पिंजण खांद्यावर घेतली.

"वाईची मोटार सक्काळी असती," ते म्हणाले. "ऐतवारी सुट्टीच हाय की. जाऊन या."

मी गेलो.