साकुराला जाणारी बस

"मावशी, तुला साकुरा व्हायचंय," रेइजीने सकाळी सकाळी दारातच सांगून टाकलं.

हात्सुएबाईंच्या हातातला मुळा हातातच राहिला. साकुरा म्हणजे चेरीचं फूल, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. पण दुकानात गर्दी दिसावी म्हणून मालक जे खोटं गिऱ्हाईक उभं करतो, त्यालाही आमच्याकडे साकुराच म्हणतात. त्रेसष्टाव्या वर्षी फूल होणं काही शक्य नव्हतं. म्हणजे भाचा दुसऱ्या प्रकाराबद्दल बोलत होता.

"कुणाला गंडवायचंय?"

"गंडवायचं नाही गं! रविवारी माझ्या बसची पहिली सहल आहे. तोक्योच्या मोठ्या कंपनीचा माणूस साधा प्रवासी बनून येणार आहे. त्याला आवडली तर वर्षभर त्यांच्या सहली आपल्याला. नाही आवडली, तर बस विकायची आणि मी पुन्हा खडीचा ट्रक हाकायचा. आणि नावं किती आली माहितीये? पाच. त्यातला एक तोच!"

"आणि फुलं?"

रेइजीने मान खाली घातली. यंदा यामागातातून थंडी हलायचं नाव घेत नव्हती. नदीकाठच्या तीनशे झाडांवर मिळून एक फूल उमललं नव्हतं. नुसत्या कळ्या, त्याही घट्ट मिटलेल्या.

"म्हणून तर तू हवीस. तू कळी बघूनसुद्धा 'अगंबाई' म्हणशील."

हात्सुएबाईंनी काम मनावर घेतलं. गाण्याच्या वर्गातल्या बारा मैत्रिणी गोळा केल्या. त्यांत किकुनो होती, जी जाहिरात बघूनही डोळे पुसते. रविवारी दहा वाजता स्टेशनासमोर सगळ्या हजर. तिथे तशीच आणखी एक बस उभी होती, पण तिच्याकडे बघायला कुणाला वेळ होता!

गाईड मिनाको टोपी, हातमोजे आणि पिवळं निशाण घेऊन ओरडत होती, "साकुराला जाणारे इकडे या! साकुरा, साकुरा!" तिला रेइजीची सक्त ताकीद होती, की कुणालाही नाव विचारायचं नाही. वेश पालटून आलेल्या माणसाला नाव विचारलं तर त्याला वाटायचं, आपल्याला ओळखलं. म्हणून तिने नुसती डोकी मोजली. अठरा. हिशेब जमला, बस सुटली.

तो माणूस ओळखायला कष्ट पडलेच नाहीत. पुढून दुसऱ्या सीटवर काळ्या सुटातले एक गृहस्थ. साठीचे, कपाळाला आठ्या, हातात कागद आणि पेन्सिल. एक ओळ लिहायचे, खोडायचे, घड्याळ बघायचे.

"हाच तो मेला," हात्सुएबाई किकुनोच्या कानात म्हणाल्या. "लाग कामाला."

मिनाकोने माइकवरून स्वागत केलं, "मंडळी, सव्वाअकराला आपण नदीकाठी पोचू, आणि संध्याकाळी पाचला परत!" हे ऐकताच गृहस्थ ताडकन उभे राहिले. "सुमिमासेन..."

आता या शब्दाचं काय करावं! आमच्याकडे 'माफ करा' म्हणायला सुमिमासेन, 'जरा ऐका' म्हणायला सुमिमासेन आणि 'कशाला त्रास घेतलात, आभारी आहे' म्हणायलाही सुमिमासेनच. हात्सुएबाईंनी तत्परतेने त्यांना चहा दिला.

"सुमिमासेन," ते कप घेत म्हणाले, "पण मी..."

"अहो, त्यात कसला त्रास! भाताची मूद घ्या ना. आत खारवलेला आलुबुखार आहे."

"सुमिमासेन, खरं तर..."

"आणखी एक? घ्या, घ्या! लाजताय काय!"

तीन मुदी आणि चार कप चहा झाल्यावर गृहस्थ परत जागेवर बसले. सतरा माणसांची सहल आपल्या एकट्यापायी थांबवायची, हे त्यांच्या जिवावर आलं असावं. हात्सुएबाईंनी वाकून कागदावर नजर टाकली. कागदावर लिहिलं होतं, 'सगळं चुकलं.' पुढच्या ओळीत, 'फार चुकलं.'

त्या धडपडत ड्रायव्हरच्या सीटशी गेल्या. "रेइजी, मेलो! तो लिहितोय, सगळं चुकलं म्हणून!"

"अजून तर आपण काही दाखवलंच नाही!"

"तेच म्हणते मी. दाखवल्यावर काय लिहील!"

मग मात्र त्या माणसाचे जे लाड सुरू झाले, ते त्याच्या आईनेही केले नसतील. एकीने पाठीला उशी दिली, दुसरीने खांदे चेपले. तो दर वेळी "सुमिमासेन" म्हणायचा आणि त्याच्या मांडीवर आणखी काहीतरी खाऊ येऊन पडायचा.

नदीकाठी वारा बोचत होता. तीनशे बोडकी झाडं रांगेत उभी. बाराही जणींनी एका सुरात "अगंबाई!" केलं. हात्सुएबाई एका फांदीला हात लावून म्हणाल्या, "फुलं काय, कुणीही बघेल. कळी बघायला नजर लागते!" खरे प्रवासी चार होते. तेही एकमेकांकडे बघून माना डोलवायला लागले. आपल्यालाच नजर नाही, असं कोण कबूल करणार?

काळ्या सुटातल्या गृहस्थांनी घड्याळ बघितलं. बारा वाजले होते. ते झाडाला टेकले आणि त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं.

"रडतोय!" किकुनो आनंदाने ओरडली. "बाई, आवडलं त्याला!"

गृहस्थांनी रुमालासाठी खिशात हात घातला आणि जे हाताला लागलं त्याने डोळे पुसायला लागले. तो रुमाल नव्हता. तो पांढराशुभ्र टाय होता.

काळ्या सुटावर पांढरा टाय आमच्याकडे माणूस फक्त लग्नाला लावतो.

"अहो," हात्सुएबाई हळूच म्हणाल्या, "कुणाचं लग्न आहे?"

"माझ्या मुलीचं. एक वाजता. साकुरा मंगल कार्यालयात." त्या गृहस्थांचं, म्हणजे मुरोसेंचं, आता कोंडलेलं सगळंच बाहेर पडलं. "मुलगा मला पसंत नव्हता. न भेटताच नाही म्हणालो, लग्नाला येणार नाही म्हणालो. सहा महिने बोललो नाही तिच्याशी. आज सकाळी राहवेना, तसाच निघालो. माफी मागायची म्हणून चार ओळी लिहीत होतो. तुमच्या बाई 'साकुरा, साकुरा' म्हणाल्या, मी चढलो. नंतर सांगायला गेलो, तर तुम्ही..."

"आम्ही मुदी कोंबल्या," हात्सुएबाई म्हणाल्या. त्यांना मनापासून लाज वाटली. मग त्या वळून अशा गरजल्या, की पलीकडच्या काठावरचे बगळे उडाले. "रेइजी! गाडी काढ!"

"अगं, पण कंपनीचा माणूस? तो कुठाय?"

"खड्ड्यात गेला तुझा माणूस! पोरीचं लग्न आहे!"

रेइजीने बस अशी हाणली, की खडीच्या ट्रकची सगळी वर्षं कामी आली. वाटेत तिघींनी मिळून मुरोसेंचा टाय बांधला, आणि तिन्ही वेळा चुकीचा.

एकला तीन मिनिटं असताना अख्खी बस कार्यालयात घुसली. दाराशी पांढऱ्या पोशाखात नवरी उभी होती आणि समोरच्या माणसाकडे डोळे फाडून बघत होती. तो काळ्या सुटातला, चष्मा लावलेला, घामाघूम माणूस होता. नवऱ्याचे काका त्याला तिच्याकडे ढकलत होते. "अहो, लाजता काय! स्वतःच्या मुलीचा हात धरायला कसली लाज?"

"हे माझे बाबा नाहीत!" नवरी म्हणाली. तिला आतल्या खोलीत कुणीतरी 'वडील आले' म्हणून सांगितलं होतं, तेव्हापासून ती रडून रडून दोनदा चेहरा पुन्हा रंगवून घेऊन बसली होती.

"मी आहे," मागून मुरोसे म्हणाले. कागद हातात होता, पण डोळ्यांना काही दिसत नव्हतं. "माझं चुकलं गं."

ती पुढे झाली आणि बापाच्या गळ्यातला टाय सोडवून नीट बांधायला लागली. "अजून स्वतःचा टाय बांधता येत नाही तुम्हाला," ती म्हणाली, आणि तिसऱ्यांदा रंगवलेला चेहरा पुन्हा वाहून गेला. किकुनो हमसून हमसून रडली, आणि तिला तसं करायला कुणी सांगितलंही नव्हतं. नवऱ्याच्या काकांनी सगळ्या बसला जेवायला बसवलं, चार खऱ्या प्रवाशांसकट.

त्या गोंधळात चष्मेवाला माणूस भिंतीला घासत बाहेर सटकला आणि रेइजीच्या रिकाम्या बसमध्ये पहिल्या सीटवर जाऊन बसला. रेइजी मागोमाग आला, तर त्याने पट्टासुद्धा लावला होता.

"मी तोबे," तो कुजबुजला, "तोक्योच्या कंपनीचा. साकुरा ऐकून वऱ्हाडाच्या बसमध्ये चढलो. सकाळपासून सांगतोय, कुणी बोलूच देत नाही. तीन पेले पाजले, नात्यातल्या चौदा बायकांपुढे कमरेत वाकायला लावलं. आणि जेवणानंतर माझं भाषण होतं!"

रेइजी थाप मारू शकला असता. पण आज खोटेपणाचा त्याला कंटाळा आला होता. "साहेब, खरं सांगतो. झाडावर एक फूल नाही. आणि प्रवाशांतल्या बारा जणी माझ्या मावशीने जमवलेल्या आहेत, तेरावी ती स्वतः."

तोबेंनी कपाळ पुसलं. "तुमच्या सहलीत नवरीला हात धरून न्यावं लागतं?"

"नाही."

"भाषण?"

"छे!"

"मग उत्तम सहल आहे," तोबे म्हणाले, आणि त्यांनी गुडघ्यावर करारनामा ठेवून शिक्का मारला. "आता दार लावा लवकर. ते काका इकडेच येतायत."