वामनकाकांचा दगड

आमचे शेजारी वामनकाका घरी आलेल्याच्या हातात आधी दगड देत, पाणी नंतर. "धरून पाहा मास्तर, कोणत्या अंगानं जड लागते?" मी शाळामास्तर, दगडाचं मला काय कळणार! मी "डाव्या" असं ठोकून देई. काका गंभीरपणे मान डोलवत आणि उजव्या अंगाला छिन्नी लावत.

हा सगळा उद्योग एका काचेच्या पेटीपायी. आमच्या राजूरच्याच सुताराकडून चौकट करून, काचा लावून, फटीत लांबी भरून घेतलेली, जेमतेम दोन बादल्या पाणी मावेल एवढी. आत नदीचे दोन मासे. काकू न्हाणीत घसरल्या, मांडीचं हाड मोडलं आणि खाटेला खिळल्या. "भिंतीकडे तरी किती पाहू?" असं त्या म्हणाल्या, म्हणून पेटी आली. दुसऱ्याच दिवशी म्हणाल्या, "बिचारे उघड्यावर पडले. त्याइले लपाले कपार पायजे." झालं! कोपऱ्यात चपखल बसेल आणि मधून मासा जाईल असा दगड घडवायला काकांनी बैठक मारली.

पहिला दगड त्यांनी चुन्याच्या भट्टीशेजारून उचलला, कारण तो फुकट होता. "मास्तर, पाहा, लोण्यावानी कापून राह्यलो! दगड ऐकते, फक्त त्याले सांगता आलं पायजे." मग मासे बादलीत काढून त्यांनी तो थाटात पेटीत सोडला. दगड निघाला भट्टीत अर्धा भाजलेला, म्हणजे निम्मा चुनाच. फसफस सुरू झाली, पाणी पांढरंफटक होऊन तापलं आणि समोरची काच तडकली. काकू खाटेवरून म्हणाल्या, "भजे तळून राह्यले का?" राजुरात, चुन्याच्या भट्ट्यांच्या गावात, शेंबडं पोरही भट्टीचा दगड पाण्यात टाकत नाही. पण काका कोळशाच्या खाणीत हजेरी घेणारे, चुन्यात त्यांचं लक्ष कशाला जाईल!

मग काच बदलली आणि नाल्यातला काळा दगड आला. तो ऐकणाऱ्यांतला नव्हता. खाणीवरून आले की चहा घेऊन काका खाटेच्या पायथ्याशी बसत. टक्, टक्, टक्. भिंतीपलीकडे मी वह्या तपासत असे. त्या आवाजापायी चांगल्या चांगल्या पोरांचे मार्क गेले. मध्येच दगड पेटीत उतरे आणि काकू निकाल देत, "हलते." की दगड बाहेर.

हेच काका पूर्वी खाणीवरून परस्पर पत्ते कुटायला जात आणि घरी फक्त जेवायला उगवत. मुलगी पुसदला दिलेली. काकू दारात एकट्या बसलेल्या दिसत. आता पत्त्यांच्या बैठकीतले म्हणत, "वामन्या पागल झाला." मलाही ते पटायला लागलं होतं.

दिवाळी गेली, होळी आली, दगड हलतच होता. एका संध्याकाळी मी तावातावाने गेलो, बाह्या सरसावून पेटीत हात घातला आणि दगड गदागदा हलवायला गेलो. तो जागचा हलेना! मासा कपारीतून आरामात बाहेर आला.

"काकू, हा तर..." म्हणेपर्यंत काकांनी माझा पाय असा तुडवला की पुढचं घशातच राहिलं. दंडाला धरून त्यांनी मला अंगणात आणलं.

"मास्तर, तो कवाचाच बसला."

"मग ठोकता काय?"

"दुसराच दगड हाये. तिले पायथ्याचं दिसत नाई. त्याच्यावरच ठोकत राह्यलो असतो तर उरला असता काय?"

"पण काकू तर हलतो म्हणतात!"

"म्हणनच. तिले वाटते, दगड बसला का हा मानूस पत्त्याले पळते." काकांनी एकदा दाराकडे वळून पाहिलं. "आता नाई जात म्हणून सांगाले गेलतो. पण असं सांगून कितीकदा पळालो मी, मास्तर. काहून इश्वास ठेवन ते?"

इतक्यात आतून काकूंचा आवाज आला. "अवो, कोठी गेले? हलते ना तो अजून!"

"आलो, आलो! लयच हलते!" म्हणत काका आत धावले.

मी घरी येऊन वह्या उघडल्या खऱ्या, पण पलीकडे टक्-टक् सुरू होईपर्यंत माझ्याने एकही तपासवली नाही.