देविदास सरांची युद्धनौका

मे महिन्यात बायकोने गच्चीवर जुन्या साडीवर कुरड्या घातल्या होत्या. दुपारी उलटायला गेली, तर त्यांच्या शेजारी कुणीतरी डझनभर तोफा वाळत घातलेल्या. बोटाएवढ्या, करड्या रंगाच्या. "ह्याही तळायच्या का?" तिने मला विचारलं. मी तडक खालच्या मजल्यावर देविदास सरांकडे गेलो.

सरांनी उभी हयात राजापेठेत गणिताच्या शिकवण्या घेतल्या. शिकवण्या बंद केल्यावर एकट्या घरात त्यांना करमेना, म्हणून मोबाइलवर व्हिडिओ पाहून त्यांनी प्लास्टिकसारख्या रेझिनच्या छोट्या युद्धनौकेचं किट मागवलं. सुटे भाग घासायचे, जोडायचे, रंगवायचे. अमरावतीहून समुद्र गाठायला अख्खा दिवस गाडीत बसावं लागतं, पण सरांना नौदलच हवं होतं.

"घाई नोको. पाया पक्का पायजे," हे त्यांचं पालुपद. पाया म्हणजे आधी भाग साबणाने धुणे, कारण साच्याचं तेल राहिलं तर रंग धरत नाही. सरांनी दात घासायच्या ब्रशने प्रत्येक तोफ तीनदा धुतली, वहीत बरोबरची खूण केली, आणि मग कुठलाही वऱ्हाडी माणूस जे करेल तेच केलं. गच्चीवर उन्हात टाकली. आमच्या उन्हात रेझिन मऊ पडतं, हे व्हिडिओवाल्याला कुठून ठाऊक असणार? तासाभरात तोफा शेवग्याच्या शेंगांसारख्या वाकल्या.

मग अकोल्याहून उत्तमदादा आले. सरांचे थोरले भाऊ, कारखान्यातले निवृत्त फिटर. शेताच्या वाटणीवरून दोघांचं अकरा वर्षं बोलणं बंद होतं. एकमेकांच्या घरची लग्नंसुद्धा त्यांनी टाळली. पण असल्या कामातलं कळणारा दुसरा माणूस सरांच्या ओळखीत नव्हता. फोनवर सर एवढंच बोलले, "दादा, रेझिन वाकलं. तुले काही समजते काय त्यातलं?"

दादा दारातूनच कडाडले, "उन्हात घालाले कोनं सांगतलं होतं, शहाण्या?" तोफा गरम पाण्यात बुडवून त्यांनी पाटावर सरळ केल्या, गार पाण्यात टाकल्या आणि चहा पिऊन परतीची बस धरली. शेताचा शब्द नाही की घरचा नाही.

तेव्हापासून सरांच्या हातून दर आठवड्याला काहीतरी बिघडू लागलं. एकदा हाताचं बोट डेकला चिकटलं. एकदा फटी बुजवायची लांबी इतकी भरली की खिडक्याच बुजल्या. दर वेळी दादा यायचे, शिव्या द्यायचे, दुरुस्त करून जायचे. आणि मी बिल्डिंगभर सांगत सुटलो, की सरांना गणित येतं, पण हात देवाने उधार दिलेत.

परवा सर दूध आणायला गेले होते, दार उघडंच होतं. टेबलावर शेवटची डोलकाठी वाकलेली. मला दया आली. एव्हाना पाहून पाहून मीही तयार झालो होतो. पाणी तापवलं, काठी सरळ केली आणि चिकटवूनही टाकली. जहाज पूर्ण! आता शाबासकी मिळणार म्हणून मी तिथेच उभा राहिलो.

सर आले आणि जहाजाकडे बघतच राहिले. "तुमी काऊन हात लावला?" ते खुर्चीत बसत हळूच म्हणाले. "ती मीच वाकवली होती. उद्या दादाले बलावनार होतो. आता त्याले काय म्हनून बलावू?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. महिनाभर मी ह्या माणसाची टिंगल करत होतो.

"असंच बोलवा ना, सर. सख्खा भाऊ आहे."

"असंच बलावनं आमाले येत नाही."

मी डोलकाठी दोन बोटांत धरली आणि टक् करून मोडली. सरांनी माझ्याकडे पाहिलं. मग फोन लावला.

"दादा, शेजाऱ्यानं काठी मोडली."

"त्या गाढवाले म्हन, हात लावू नोको. येतो सकाळी."

सरांनी फोन ठेवला नाही. "दादा... उद्या जेवाले थांबशीन?"

दादा म्हणाले, "वांग्याची भाजी करशीन तं थांबतो."