हैबतीच्या सायकलची करकर

महाडपासून पोलादपूरपर्यंत आपल्यासारखं डोकं दुसऱ्या कोणाच्या मानेवर नाही, असं कुशाबातात्या स्वतःच सांगत. दुसऱ्या कोणी सांगेपर्यंत थांबायला त्यांना सवड नव्हती. मुंबईच्या गिरणीत बारा वर्षं फाटकावर रखवालदारी केलेली. तेव्हापासून माणूस दिसला की त्यांना चोर दिसे, आणि चोर पळाला की पुरावा सापडे. हे सगळं मुनाफ सायकलवाल्याला तोंडपाठ होतं, कारण तात्यांचा मुक्काम त्याच्याच पडवीतल्या दुकानात, आणि त्यांनी त्याला न विचारताच आपला मदतनीस नेमलेला.

त्या दिवशी मात्र मुनाफचा जीव टांगणीला लागला होता. पोस्टमन हैबतीला भावाने मुंबईहून तीन गिअरची जुनी सायकल धाडली होती. गिअर बिघडले, सुटे भाग मिळेनात, म्हणून मुनाफने गिअर काढून मागे साधं एकच चक्र बसवलं. चार दिवसांत हैबती पुन्हा दारात. पायडल मारलं की करकर! आज गेली नाही तर दुसऱ्या मिस्त्रीकडे जातो, म्हणाला. पोस्टमन रागावला की बदनामी आंबेनळी घाटापर्यंत घरपोच. मग मुनाफच्या पडवीत कोण फिरकणार?

तात्यांनी तपास हाती घेतला. पहिला संशय चेनवर. मुनाफने तिची कडी कमी केली. हैबतीने पायरीवरच्या वहाणा पायात सरकवल्या, चक्कर मारली, करकर होतीच. मग तात्यांनी एक डोळा मिटला आणि पुढचं चक्र मागच्याशी फटकून वागतंय, असं जाहीर केलं. मुनाफने मधे चकतीसारखा वायसर घातला, पायडल खोललं, आतले छर्रे धुतले, ग्रीस भरलं. करकर काही हटेना. शेवटी तात्या धोतर खोचून अनवाणीच चक्कर मारून आले, तर सायकल मुकी.

"आरोपीने मला ओळखलं," तात्या म्हणाले. "काढलेल्या गिअरचा सूड आहे हा. बसव परत."

मुनाफला आता रडू यायचंच बाकी होतं. हैबतीने वैतागून सायकल भिंतीला टेकवली आणि तो रांजणाकडे पाणी प्यायला गेला. तिथे मुनाफची बायको आमिना तांदूळ निवडत होती. तिने सुपातून मान वर केली.

"सायकल तर भिंतीला हाय. मंग हितपर्यंत करकरत कोण आलं?"

सगळे हैबतीच्या पायांकडे बघू लागले. गिअर काढले त्याच दिवशी बाजारातून घेतलेल्या कोऱ्या वहाणा होत्या त्या. करकरतात हे हैबतीला ठाऊक होतं, त्याचा त्याला अभिमानही होता. पण पायडलवर चढल्यावर त्या गप्प बसत असतील, असं तो धरून चालला होता. आमिनाने वाटीभर खोबरेल आणून वहाणा चोळल्या. हैबती चवदार तळ्याला वळसा घालून आला, आणि हूं नाही की चूं नाही. मुनाफने केवढा तरी मोठा श्वास सोडला.

तात्या मात्र डगमगले नाहीत. पहिल्यापासून आपला संशय पायगुणावरच होता, म्हणाले.

हैबती ओशाळला. जाता जाता मुनाफला बाजूला घेऊन हळूच म्हणाला, "मुनाफभाई, ह्ये कुणाला सांगू नका बरं का."

"मी कशाला सांगू?" मुनाफ म्हणाला. "मी काय पोस्टमन हाय?"